अपस्मार : वारसा, प्रतिकारशक्ती आणि आपले कर्तव्य

पंधराव्या शतकात सुलतान महमूद खिलजीने (कारकीर्द १४३६ ते १४६९) आपल्या मांडवगडी एक रुग्णालय स्थापिले. मौलाना फजलुल्ला या हकिमाकडे त्याची व्यवस्था होती व तेथे मनोरुग्णांचीही सोय होती. रोगाला रोग मानून औषध देण्याची ही परंपरा या गडास नवी नाही. असे असूनही एखाद्यास अपस्माराचा झटका येताच ‘बाहेरची बाधा’ आणि ‘कुळाचा शाप’ हे शब्द अजून उच्चारले जातात, आणि त्या घरच्या मुलीचे लग्न अडते. यास्तव हा रोग कुळातून येतो म्हणजे नेमके काय होते, ते या पाठात पाहू.

अपस्मार म्हणजे स्मृतीचा अपगम. बोलीत यास फेफरे, फीट किंवा मिरगी म्हणतात. चरकसंहितेत त्याचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार भेद सांगितले आहेत. आधुनिक शास्त्राप्रमाणे मेंदूतील पेशींचे विद्युत्‌-व्यवहार क्षणभर बेताल झाले की झटका येतो. प्रसूतिसमयीची इजा, डोक्यास मार, मेंदूज्वर, पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत शिरणे, अशी त्याची अनेक कारणे आहेत. ती वारशाने येत नाहीत. काही प्रकार मात्र जनुकांतील दोषामुळे होतात.

जनुक म्हणजे शरीरातील प्रथिने कशी घडवावी याची लिखित आज्ञा. त्या लिखाणात चूक झाली, तर पेशींतून क्षारांची ये-जा करणारी सूक्ष्म द्वारे नीट उघडत-मिटत नाहीत. झोपेत झटके येणाऱ्या एका घराण्यात असा दोषी जनुक १९९५ साली प्रथम ओळखला गेला. ‘ड्राव्हे’ नामक बालवयातील तीव्र प्रकाराचे कारण २००१ साली सापडले. परंतु त्यातील बहुतेक मुलांत हा दोष नव्यानेच उद्‌भवलेला असतो. आईबापांत तो नसतो. अर्थात ‘जनुकीय’ म्हणजे ‘घराण्यातून आलेले’ असे नेहमीच नव्हे, आणि अशा बालकाच्या मातेस दोष देणे हा शुद्ध अन्याय होय.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. मेंदूत ‘एलजीआय-१’ नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील दोषामुळे काही घराण्यांत कानी भलतेच ध्वनी येऊन झटके येतात, हे २००२ साली कळले. पुढे २०१० साली दुसरीच गोष्ट उघड झाली. काही प्रौढांचा जनुक निर्दोष असतो, तथापि त्यांची प्रतिकारशक्ती याच प्रथिनास परके समजून त्यावर हल्ला करते. गडाच्या तटाचा चिरा खाणीतूनच तडकलेला निघावा, अथवा चांगल्या चिऱ्यावर पहारेकऱ्यानेच घाव घालावा. खिंडार एकाच जागी पडते. उपाय मात्र भिन्न. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या गोळ्या पुष्कळदा अपुऱ्या पडतात, आणि प्रतिकारशक्तीस आवरणाऱ्या स्टेरॉइडसारख्या औषधांनी गुण येतो. म्हणून निदान तज्ज्ञानेच करावे.

विवाहाचा प्रश्न सर्वांत नाजूक. आईबापांपैकी एकास अपस्मार असला तरी बहुतेक अपत्यांस तो होत नाही. काही विरळ प्रकारांत मात्र आई व बाप दोघेही निरोगी असून तोच दोष गुप्तपणे बाळगतात, आणि तो दोघांकडून आला तरच अपत्यास रोग होतो. रक्ताच्या नात्यातील विवाहात हा योग वाढतो. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात. पण मामाच्या मुलीचे गोत्र निराळे असल्याने तेथे गोत्राची आडकाठी येत नाही, रक्ताचे नाते तर जवळचेच असते! बौधायनानेही मामेबहिणीशी विवाह हा दक्षिणेतील आचार म्हणून नोंदविला आहे. ज्या घरात असा रोग दिसला असेल त्यांनी हे विशेष ध्यानी धरावे.

कायद्याची गोष्टही जाणून घ्यावी. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास बाधक ठरविला गेला होता. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला. कायद्याने जो कलंक पुसला, तो आपण मनात का जपावा? मात्र रोग लपवून लग्न जुळवू नये. विश्वासाने सांगितलेली गोष्ट संसारात जड होत नाही, लपविलेली होते.

नवसाचे नारळ आम्ही नित्य पाहतो. नवस अवश्य करावा, परंतु एकादशीच्या उपवासातही गोळी चुकवू नये, आणि गर्भारपणात वैद्यास न विचारता औषध थांबवू नये. झटका आल्यास रोग्यास कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर साराव्या, तोंडात चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास रुग्णालयात न्यावे. एवढे प्रत्येक घराने जाणले, तर आपल्या देवळाच्या पायरीवर कुणास झटका आला असता लोक मागे सरणार नाहीत, हात देण्यास पुढे येतील.