बेरोजगारीचा आकडा कमी झाला, मग धंदा करायचा की नाही?

"सर, नोकऱ्याच नाहीत, म्हणून धंदा करायचाय," असं मला दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. कारण चुकीचं नाही. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आकडे नीट वाचता आले पाहिजेत. आज तेच शिकू.

केंद्र सरकारचा श्रमबल सर्व्हे असतो, पीएलएफएस. २०१७-१८ मध्ये १५ ते २९ वयातल्या तरुणांची बेरोजगारी १७.८ टक्के होती. २०२३-२४ मध्ये ती १०.२ टक्क्यांवर आली. वाचायला छान वाटतं. पण हे टक्के कशाचे?

समजा, तुमच्या गावात या वयाची १०० मुलं-मुली आहेत. त्यातली ५० शिकतायत, घर सांभाळतायत किंवा काम शोधून थकून गप्प बसलीत. ती या हिशोबात येतच नाहीत. उरलेल्या ५० पैकी ५ जण काम शोधतायत, म्हणजे बेरोजगारी १० टक्के. आणि बाकीचे ४५? त्यात कंपनीत पगार घेणारा आहे, तसाच वडिलांच्या दुकानात फुकट बसणाराही आहे. सर्व्हेच्या नेहमीच्या पद्धतीत वर्षातून ३० दिवस काम केलेलासुद्धा कामात धरला जातो. आकडा खोटा नाही हो, पण "काम आहे" आणि "पोट भरतंय" यात फरक आहे.

आता आपल्या कामाचा आकडा. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा याच काळात ५२.२ वरून ५८.४ टक्के झाला. भाषणांत हे ऐकून टाळ्या पडतात. पण आत बघा: घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी राबणारे १३.६ वरून १९.४ टक्के झाले. म्हणजे वाढ जवळजवळ तिथेच झाली. स्वतःच्या हिमतीवर दुकान टाकणारे फार वाढले, असं यातून दिसत नाही.

हा बिनपगारी माणूस तुमच्याही हिशोबात लपलेला असतो. वडापावची गाडी घेऊ. रोज १५० वडापाव, २० रुपयांनी, गल्ला ३,००० रुपये. बटाटे, बेसन, पाव, तेल, गॅस मिळून १,७०० गेले. उरले १,३००. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३३,८००. जागेचं भाडं ६,००० आणि कर्जाचा हप्ता ४,००० काढला की हातात २३,८००. पोरगा म्हणतो, "नोकरीपेक्षा भारी!"

थांबा. पहाटे आई आणि बायको बटाटे सोलतात, चटणी वाटतात. त्या जागी बाई ठेवली तर २५० रुपये रोज, म्हणजे ६,५००. आणि तुम्ही स्वतः? तुमच्यासारख्याच मित्राला एमआयडीसीत १६,००० मिळत असतील, तर तेवढी तुमची मजुरी. आता धंद्याने खरे कमावले १,३०० रुपये. एक आठवडा पाऊस लागला की तेही गेले. तरी गाडी लावू नका असं मी म्हणत नाही. रोज ५० वडापाव जास्त खपले तर चित्र पार बदलतं. पण ते ५० कुठून येणार, हे आधी नाक्यावर उभं राहून मोजा.

शिकलेल्यांची गोष्ट वेगळीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत: पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत फक्त ३.४. कारण सरळ आहे. ज्याच्या घरी चूल आज पेटवायचीय त्याला थांबणं परवडत नाही. पदवीधर घरच्यांच्या आधारावर चांगल्या नोकरीची वाट बघतो. तुम्ही उद्या माणूस ठेवाल तेव्हा हे आठवा. पदवीधर पोरगा कमी पगारावर येईल, पण भरतीची जाहिरात निघाली की जाईल. त्याला कामावर घेताना दुसऱ्यालाही काम दाखवून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीच्या एका पानावर घरातले कोण किती तास धंद्यात देतात ते लिहा, समोर बाजारभावाने मजुरी मांडा. पुढच्या व्हिडिओत हेच पान घेऊन मुद्रा कर्जाचा हप्ता किती झेपेल ते काढू.