कर्मणि क्रियापद की विशेषण? : इंग्रजी संबंधी उपवाक्यांच्या अध्यापनातील एक अडचण

उच्च प्राथमिक वर्गांत इंग्रजीचे संबंधी उपवाक्य शिकविताना 'हू', 'विच' व 'दॅट' या संबंधी सर्वनामांची ओळख बहुतेक शिक्षक उत्तम रीतीने करून देतात. 'जो–तो', 'जी–ती' ही जोडी मराठीत असल्यामुळे मुलांसही तो भाग जड जात नाही. अडचण उत्पन्न होते ती सर्वनामापुढे 'इज', 'वॉज' किंवा 'वेअर' येऊन त्यामागून 'ब्रोकन', 'टायर्ड', 'लॉक्ड' यांसारखा शब्द आला म्हणजे. हा शब्द कर्मणि क्रियापदाचा अंश आहे की निव्वळ विशेषण आहे, हे रूप पाहून सांगता येत नाही. 'वॉज'पुढे भूतकालवाचक धातुसाधित आले की प्रयोग कर्मणिच, असा सरधोपट नियम फळ्यावर लिहिला गेला असेल, तर विचार करणाऱ्या मुलाचीच अधिक फसगत होते.

'द टीचर हू इज रिटायर्ड लिव्हज हिअर' हे वाक्य घ्यावे. सेवानिवृत्त गुरुजी येथे राहतात, एवढाच त्याचा अर्थ. यातील 'इज रिटायर्ड' हे कर्मणि मानून कर्तरि प्रयोग करण्यास सांगितले, तर गुरुजींना घरी बसविणारा कोणी कर्ता मुलांस बाहेरून शोधून आणावा लागतो. तो वाक्यात नाही आणि बोलणाऱ्याच्या मनातही नाही. 'द लीव्हज विच आर फॉलन' याचीही गत तीच. 'फॉल' हा धातू अकर्मक आहे. कर्मच नाही तेथे कर्मणि प्रयोग कोठून येणार? ज्या मुलाने अशा वाक्याचे रूपांतर न करता ते तसेच सोडून दिले, त्याचे गुण कापणे हा अन्याय होय. त्याला वाक्य कळले आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

कित्येक वाक्यांत दोन्ही अर्थ संभवतात. 'द डोअर विच वॉज लॉक्ड ॲट सिक्स' याचा एक अर्थ असा की, ज्या दाराला सहा वाजता कुलूप लावण्यात आले ते दार. दुसरा अर्थ असा की, ज्या दाराला सहा वाजता कुलूप लावलेले होते ते दार. पहिल्या अर्थी शिपाई सहाच्या ठोक्याला किल्ली घेऊन आलेला असतो. दुसऱ्या अर्थी कुलूप दुपारीच लागलेले असू शकेल. पहिला अर्थ क्रियेचा आहे, दुसरा स्थितीचा आहे. इंग्रजीत दोहोंस एकच रूप चालते. मराठीत मात्र 'लावण्यात आले' आणि 'लावलेले होते' अशी निराळी रूपे आहेत, आणि ती मुलांच्या तोंडी आधीपासूनच असतात. व्याकरणाची परिभाषा उच्चारण्यापूर्वी हे दोन मराठी अर्थ मुलांकडूनच वदवून घेतले, तर अर्धे काम झाले असे समजावे.

मराठीचे साहाय्य आणखी एका ठिकाणी होते. 'फुटणे' व 'फोडणे', 'फाटणे' व 'फाडणे', 'तुटणे' व 'तोडणे', 'सुटणे' व 'सोडणे' या जोड्या आपल्या भाषेत घरोघर वापरल्या जातात. मडके आपोआप फुटले तर ते 'फुटलेले', कोणी मुद्दाम फोडले तर 'फोडलेले'. इंग्रजीत दोहोंस 'ब्रोकन'. 'द पॉट विच वॉज ब्रोकन' याचे भाषांतर एका मुलाने 'फुटलेले मडके' व दुसऱ्याने 'फोडलेले मडके' असे केले, तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. पुढे 'बाय द मंकी' एवढे शब्द जोडले की 'वानराने फोडलेले मडके' हा एकच अर्थ उरतो. हा बदल मुलांसमोर फळ्यावर घडवून दाखवावा. 'टॉर्न' या शब्दाचेही तसेच आहे: 'फाटलेले पान' की 'वासराने फाडलेले पान', हे पुढचे शब्द ठरवितात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठी व्याकरणात 'रामाने आंबा खाल्ला' हा प्रयोग कर्मणि म्हणून शिकविला जातो, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत त्याच अर्थाचे सरळ वाक्य कर्तरि असते. 'आंबा रामाकडून खाल्ला गेला' हा जो नवीन कर्मणि प्रयोग, तोच इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसला जवळचा. हा भेद न सांगता दोन्ही भाषांत 'कर्मणि' हा एकच शब्द वापरल्यास मुलांचा गोंधळ होतो, व त्याचा दोष मुलांकडे जात नाही.

शब्द विशेषण आहे की क्रियापदाचा अंश आहे हे ताडण्यासाठी काही साध्या कसोट्या आहेत. 'व्हेरी' हा शब्द मागे लावून पाहावा. 'हू इज व्हेरी टायर्ड' चालते, 'विच वॉज व्हेरी रिटन' चालत नाही. 'वॉज'च्या जागी 'सीम्ड' घालून पाहावे; 'द हाउस विच सीम्ड अबँडन्ड' हे शुद्ध आहे, म्हणून तेथे 'अबँडन्ड' विशेषणासारखा वागतो. शब्दारंभी नकारार्थी 'अन्' लागला असेल तर तो बहुधा विशेषण असतो: 'अनएज्युकेटेड' शब्द आहे, पण 'अनएज्युकेट' असा धातू नाही. मात्र 'अनलॉक' हा खराच धातू असल्यामुळे 'अनलॉक्ड' दोन्हीकडे जातो. याच्या उलट, 'विच वॉज बीइंग रिपेअर्ड' यात 'बीइंग' आले की क्रिया चालू आहे, शंकेस जागा नाही. 'बाय' ही खूण उपयुक्त असली तरी पुरती विश्वासार्ह नाही. 'सराउंडेड बाय हिल्स' यात डोंगरांनी काही केलेले नसते. शिवाय 'इंटरेस्टेड इन', 'कव्हर्ड विथ डस्ट', 'नोन टु' या विशेषणांची आपापली अव्यये ठरलेली आहेत. मराठीतील 'ने' सर्वत्र चालत असल्याने 'धुळीने माखलेले' याचे 'बाय डस्ट' होते. ती अव्यये शब्दासह पाठ करविणे हाच उपाय.

आता विशेषण व कर्मणि रूप एकाच उपवाक्यात शेजारी येतात तेव्हा काय होते ते पाहावे. 'ए व्हिलेज विच इज स्मॉल अँड सराउंडेड बाय हिल्स' यात एकच 'इज' दोन्ही शब्दांस पुरतो, कारण दोन्ही स्थिती सांगतात. परंतु एक शब्द स्थिती व दुसरा घटना सांगत असेल, तर 'वॉज' पुन्हा लिहिणे बरे. पानशेतचे धरण पुरे बांधून होण्यापूर्वीच 12 जुलै 1961 रोजी फुटले व पुण्यात पूर आला. ही हकीकत 'द डॅम विच वॉज अनफिनिश्ड अँड वॉज ब्रीच्ड ऑन 12 जुलै 1961' अशी लिहावी. दुसरा 'वॉज' गाळला तर अपुरेपणा व फुटणे ही दोन्ही एकाच पातळीवरची वर्णने वाटतात आणि घटनेचा जोर जातो. काळ भिन्न असल्यास तर गाळणे चूकच ठरते. 'द स्कूल विच इज ओल्ड अँड रिपेअर्ड इन 2019' असे लिहिल्यास शाळेनेच कशाची तरी दुरुस्ती केली असाही भास होतो; 'अँड वॉज रिपेअर्ड' हवे.

या भेदाचा संबंध केवळ परीक्षेशी नाही. लहान मुलांच्या कोरड्या औषधाच्या बाटलीत खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालण्याची सूचना इंग्रजीत छापलेली असते, आणि अनेक घरांत ती वाचणारे माणूस म्हणजे शाळेत जाणारे मूलच असते. 'वॉटर विच हॅज बीन बॉइल्ड अँड इज कूल' यातील पहिला भाग होऊन गेलेली क्रिया सांगतो, दुसरा पाण्याची आताची स्थिती. 'बॉइल्ड' म्हणजे उकळलेले व 'बॉइलिंग' म्हणजे उकळते, हे ज्या मुलास स्पष्ट नाही, ते औषधात आधणाचे पाणी ओतावयास सांगेल. मराठीतील 'उकळून गार केलेले' या तीन शब्दांत क्रम व स्थिती दोन्ही येतात. इंग्रजीत ती दोन क्रियापदांनी उलगडून दाखवावी.

तिसरा प्रकार थोडा निराळा आहे. 'द डोअर विच वॉज लेफ्ट ओपन', 'द वॉल विच वॉज पेंटेड व्हाइट', 'द चाइल्ड हू वॉज फाउंड अस्लीप' यांत विशेषण कर्मणि क्रियापदाच्या मागून येते व त्यावाचून अर्थ पुरा होत नाही. येथे मधे 'अँड' घालता येत नाही. कर्तरि वाक्य करून दाखविले की कारण कळते: 'समबडी लेफ्ट द डोअर ओपन' यात 'ओपन' हे कर्माचे पूरक होते, कर्म पुढे सरकून कर्ता झाले, पूरक जागच्या जागी राहिले. मराठीत ते विशेषण मागे येते, 'उघडे ठेवलेले दार', म्हणून मुले इंग्रजीतही 'ओपन लेफ्ट डोअर' असे लिहितात.

शेवटी संक्षेपाविषयी. 'विच वॉज' गाळले की दोन शब्दांची वाट वेगळी होते. विशेषण नामाच्या पुढे जाऊन बसते, आणि आपल्या परिवारासह असलेले धातुसाधित नामाच्या मागेच राहते: 'ए स्मॉल व्हिलेज सराउंडेड बाय हिल्स'. एकटे धातुसाधित बहुधा पुढे जाते, जसे 'ए ब्रोकन चेअर'. 'ए चेअर ब्रोकन बाय द बॉइज' यात मात्र ते मागे. 'द क्वेश्चन्स आस्क्ड', 'द मार्क्स गिव्हन' येथे शब्द एकटा असूनही मागे राहतो, कारण तेथे विचारणे व देणे ही क्रियाच मनात असते. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर अशी रूपे नेहमी छापलेली असतात. आठवीच्या मुलांसमोर जुन्या प्रश्नपत्रिका ठेवून ती शोधावयास लावल्यास एक तासिका सहज पुरते.