घोंगडीची लोकर

सोयगाव हा कपाशीचा तालुका. शेतात मेंढ्या बसविल्या तरी शेतकऱ्याचे लक्ष लेंडीखताकडेच असते. लोकरीची आठवण कोणास होत नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड व जाड. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून ती आज पुष्कळ ठिकाणी टाकून दिली जाते. घोंगडीस मात्र हीच लोकर उपयोगी पडते.

कातरणी वर्षातून दोनदा होते. तत्पूर्वी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवून कोरड्या जागी बसवाव्यात. काळी व पांढरी लोकर निराळी ठेवावी. कुसळे व गोखरू तेव्हाच वेचावेत. पिंजल्यानंतर ते निघणे कठीण. कोकराच्या पहिल्या कातरणीचे जावळ मऊ असते, ते इतर लोकरीत मिसळू नये. सोड्याने लोकर धुऊ नये. तिच्यातील स्निग्धांश गेला म्हणजे घोंगडी पाऊस झेलीत नाही.

सूत घरातील स्त्रिया कातीत आणि सनगर ते खड्ड्याच्या मागावर विणीत. आखूड लोकरीचा ताणा घासला की तुटतो. याकरिता चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्याने लावून तो वाळवितात. खळ पातळ झाल्यास धागा तुटतो, दाट झाल्यास फणीत अडकतो. हा अंदाज लिहून देता येत नाही. ग्रामसेवकांनी तो जाणत्या सनगराजवळ बसून, तो हयात आहे तोवरच, शिकून घ्यावा.