टाकीत पेट्रोल होते, तरी गाडी चालेना

वाचनभाग : यहोशवा २२:१०-३४, नीतिसूत्रे १८:१३, मत्तय २५:१४-३०



या अंकातील अभ्यासासाठी यहोशवाच्या पुस्तकातला एक प्रसंग घेतला आहे. तो मी अनेकदा वाचला होता, पण मला तो खऱ्या अर्थाने कळला आमच्या सेवाकार्याच्या जीपगाडीमुळे. ही जीप तुमच्या दानातून आलेली आहे. त्यामुळे तिचे काय झाले हे तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे, आणि त्यात माझी जी चूक झाली तीही झाकून ठेवायची नाही.

ती रात्र

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीच्या परिसरात आले की पाडे डोंगरांवर विखुरलेले दिसतात. त्यांतल्या अनेक पाड्यांपर्यंत अजून पक्की वाट नाही. रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावे लागते. लोक तिला ‘बांबूलन्स’ म्हणतात. ऐकणाऱ्याला हसू येते, उचलणाऱ्याच्या खांद्याला येत नाही. अशा वाटांसाठीच आपण उंच चाकांची पेट्रोल जीप घेतली होती.

आमचा चालक चार वर्षे होता. आम्ही त्याचा पगार वाढवू शकलो नाही, म्हणून तो अंकलेश्वरला टेम्पोवर गेला. जाताना त्याच्या पेट्रोलच्या हिशेबावरून आमची थोडी बोलाचाली झाली होती. त्यानंतर नवा चालक मिळाला नाही. मला गाडी चालवता येते, पण वाटले, दानातली वस्तू आहे, चिखलात कशाला खराब करायची? ताडपत्री घालून जीप शेडमध्ये ठेवली. पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून टाकी पाव भरलेलीच ठेवली. मी मोटारसायकलवर फिरत राहिलो. असे चौदा महिने गेले.

गेल्या आषाढात एका रात्री वरच्या पाड्यावरून एक मुलगा भिजत खाली आला. त्याच्या वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त जात होते. जीपची बॅटरी केव्हाच उतरली होती. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडली. सेल्फ मारला, इंजिन फिरले, पण पेटले नाही. पुन्हा मारला. वीस-पंचवीस मिनिटे हेच चालले. शेवटी सहा जण झोळी घेऊन वर गेले आणि त्या बहिणीला खाली डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या १०८च्या गाडीपर्यंत घेऊन आले. बाळ वाटेतच जन्मले. देवाच्या दयेने आई आणि बाळ दोघेही वाचले, पण आपल्या जीपमुळे नव्हे.

त्या रात्री शेडमध्ये सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघून गेले, “त्यानेच जाताना गाडीत काहीतरी करून ठेवले असणार.” झोळी उचलायला आलेल्या सहा जणांत त्या चालकाचा काका होता. तो काही बोलला नाही. बांबू खांद्यावर घेऊन निघून गेला.

मिस्त्रींनी काय केले

तीन दिवसांनी अक्कलकुव्याहून एक वयस्कर मिस्त्री आले. मी त्यांना लगेच सांगितले, “पंप गेलाय, आधीच्या माणसाने बदलून टाकला असेल.” ते म्हणाले, “साहेब, आधी गाडीला विचारू.” त्यांनी कसे विचारले ते सांगतो, कारण आपला धडा त्या क्रमातच आहे.

इंजिन पेटायला हवा, इंधन आणि ठिणगी या तीन गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात. सेल्फने इंजिन फिरत होते, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. त्यांनी हवेची जाळी पाहिली, ती मोकळी होती. प्लग तपासला, ठिणगी पडत होती. राहिले इंधन. आमच्या जीपसारख्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि विजेवर चालतो. तो साधारण अडीच ते तीन बार दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबाने, पेट्रोल पुढे ढकलतो. किल्ली फिरवली की सेल्फ मारण्याआधी दोन-तीन सेकंद त्याची बारीक गुणगुण ऐकू येते. मिस्त्रींनी टाकीचे झाकण काढले, मला किल्ली फिरवायला सांगितली आणि कान लावला. आवाज नव्हता.

“बघा, पंपच!” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. पंप गप्प आहे एवढेच कळले होते, तो का गप्प आहे हे अजून कळायचे होते. त्याच्यापर्यंत करंट पोचतच नसेल तर त्याचा काय दोष?

त्यांनी फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता. रिलेच्या जागी हॉर्नचा तसाच रिले लावून पाहिला. ‘टक’ असा आवाज आला, पण पंप गप्पच. मग पंपाकडे जाणारा जोड सोडवून तिथे टेस्ट लॅम्प लावला. दिवा लागला, पण मिणमिणता. वायरच्या मागे मागे जात त्यांनी अर्थिंगचा बोल्ट शोधला. तो गंजला होता. पॉलिश पेपरने घासून परत बसवला, तेव्हा दिवा लख्ख झाला. मी म्हणालो, “झाले!” ते म्हणाले, “एक दोष सापडला म्हणजे सगळे सापडले असे नसते.” जोड परत लावला, किल्ली फिरवली. पंप अजून गप्पच.

आता मात्र पंप बाहेर काढायचा होता. त्यांनी गाडी उघड्यावर ढकलायला लावली, बॅटरी सोडवली आणि आसपास कोणाला बिडीही पेटवू दिली नाही. पेट्रोलची वाफ फार धोक्याची, हे काम जाणकारानेच करावे. पंपाच्या झाकणाचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. तेल सोडून तासभर थांबावे लागले. तेव्हा मिस्त्री सहज बोलून गेले, “याला गाडी आल्यापासून कोणी हात लावलेला नाही.”

ते वाक्य मला जिथे लागायचे तिथे लागले.

पंपाच्या तोंडाची जाळी तपकिरी चिकट थराने भरली होती. टाकीतून काढलेले पेट्रोल गढूळ होते, त्याला आंबूस वास येत होता आणि बाटलीत घेतल्यावर तळाशी पाणी वेगळे दिसले. मिस्त्रींनी कारण समजावले. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंकासारखा चिकटा होतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते. टाकी जितकी रिकामी, तितकी आत ओलसर हवा जास्त. त्यातून पाणी साचते, लोखंडी टाकी आतून गंजते आणि तो गंज व चिकटा पंपात बसून त्याला जखडून टाकतो. पंपाला थंडावा आणि वंगण मिळते ते वाहत्या पेट्रोलमधूनच. आमचा पंप चौदा महिन्यांत एकदाही फिरला नव्हता.

टाकी धुऊन घेतली, कारण घाणेरड्या टाकीत नवा पंप घातला तर तोही थोड्याच दिवसांत बसतो. नवा पंप, जाळी आणि फिल्टर बसवले, ताजे पेट्रोल भरले. किल्ली फिरवताच ती गुणगुण ऐकू आली. तिसऱ्या सेल्फला इंजिन पेटले.

यार्देनेकाठची वेदी

त्या संध्याकाळी मी यहोशवाचा २२वा अध्याय उघडला. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेजवळ एक मोठी वेदी बांधतात. बाकीच्या इस्राएलाला वाटते, यांनी देवाशी फितुरी केली. सगळे शिलो येथे लढाईसाठी जमतात. त्यांचा संशय निराधार नव्हता. पौराचे पातक आणि आखानाचा गुन्हा त्यांच्या स्मरणात ताजा होता.

तरीही तलवार उपसण्याआधी ते फिनहास याजकाला आणि दहा सरदारांना पाठवतात. हे लोक कठोर बोलतात, आरोपही करतात. पण त्याच बोलण्यात ते म्हणतात की तुमची भूमी अशुद्ध वाटत असेल तर आमच्यात येऊन राहा, आम्ही जागा देऊ. आणि मग ते ऐकून घेतात. उत्तर अगदीच वेगळे निघते. ती वेदी यज्ञासाठी नव्हतीच. पुढच्या पिढ्यांनी आपल्याला परके म्हणू नये, म्हणून ती साक्षीसाठी उभारली होती. फितुरी वाटली ती खरी तर एकत्र राहण्याची ओढ होती. ऐकले नसते, तर भावांचे रक्त सांडले असते.

मी मात्र फिनहासाला पाठवलेच नाही. थेट शिलोला सैन्य जमवले. ऐकण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आणि लाज आहे, असे नीतिसूत्रे सांगतात. मिस्त्रींनी लोखंडाच्या पंपाला जेवढी संधी दिली, तेवढी मी चार वर्षे सोबत राबलेल्या भावाला दिली नाही.

आणि मत्तयाच्या २५व्या अध्यायातील तो दास आठवा. त्याने धनी परत येईपर्यंत धन पुरून ठेवले आणि जाब विचारल्यावर धन्यालाच कठोर ठरवले. पुरून ठेवायचे आपण आणि दोष दुसऱ्याचा काढायचा, हे दोन्ही मी केले. जीप मी जपत नव्हतो, पुरत होतो.

अंकलेश्वरला

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी अंकलेश्वरला गेलो. तो टेम्पोखाली काम करत होता. काकाकडून त्याला सगळे आधीच कळले होते. मी क्षमा मागितली. तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, “सर, जाताना सांगितले होते ना, आठवड्यातून एकदा तरी घाटापर्यंत फिरवून आणा म्हणून?” त्याने सांगितले होते. हिशेबाच्या रागात मी ते ऐकलेच नव्हते. परत आल्यावर त्या सहा जणांसमोर उभे राहून मी माझे शब्द मागे घेतले. काकाने चहा पुढे केला, तेव्हा मला जेवढे हलके वाटले तेवढे गाडी सुरू झाली तेव्हाही वाटले नव्हते.

दुरुस्तीचा खर्च तुमच्या दानातून घेतलेला नाही. आता दर शनिवारी जीप वरच्या पाड्याच्या वाटेपर्यंत जाऊन येते आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत एखाद्यावर न विचारता ठेवलेला दोष आहे का? ‘फिनहास’ म्हणून कोणाला पाठवता येईल?

२. शिलोला जमलेल्यांनी आरोप करतानाच आपल्या भूमीत जागा देऊ केली. दोष दाखवताना आपण काय देऊ करतो?

३. देवाने दिलेले कोणते दान, वस्तू किंवा वेळ आपण ‘जपण्याच्या’ नावाखाली पुरून ठेवले आहे?

४. एक कारण सापडले म्हणून आपण शोध थांबवला, असे कधी झाले का?

प्रार्थना विनंती : पावसाळ्यात डोंगरावरच्या पाड्यांतील गरोदर भगिनींसाठी, झोळी उचलणाऱ्या बांधवांसाठी आणि जीपसाठी नवा चालक मिळावा म्हणून प्रार्थना करावी. आमच्या जुन्या चालक बांधवाची व त्याच्या कुटुंबाचीही आठवण ठेवावी.