जपून ठेवलेली चांदीच काळी का पडते?

प्रश्न : आईच्या आठवणीच्या वस्तू ट्रंकेतून बाहेर काढून दिवाणखान्यात मांडल्या. चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी, करंडा असं सगळं आहे. त्यासाठी सुताराकडून प्लायवुडचं नवं काचेचं कपाट करून घेतलं, आत निळी मखमल लावली, आणि आमच्याकडची धूळ माहीत असल्यामुळे दारांना रबराची पट्टीही बसवून घेतली. वर्ष होण्याआधीच सगळी चांदी काळवंडली. आईचीच नैवेद्याची वाटी मात्र देवघरात उघड्यावर असते, रोज हाताळली जाते, तरी ती पांढरीशुभ्र! शेजारीण म्हणते, चांदी खोटी असणार. हे काय गौडबंगाल आहे? (शिरूरहून एक वाचक)

उत्तर : थोडक्यात तुमचं कोडं असं : जी वस्तू जपली ती बिघडली आणि जिच्याकडे लक्ष दिलं नाही ती टिकली. आधी शेजारणीची शंका मिटवू. काळी पडणं हा चांदी खोटी असल्याचा पुरावा नाही. अस्सल चांदीही काळी पडते. दागिने आणि भांडी घडवताना चांदीला कणखरपणा यावा म्हणून थोडं तांबं मिसळतात, त्यामुळे तर ती जरा लवकरच काळवंडते. काही घरांत चांदी काळवंडली की कुणाची तरी दृष्ट लागली असं म्हणतात. दृष्ट काढायला हरकत नाही, पण काळेपणा त्याने जाणार नाही.

दुसरा गैरसमज असा की हवा लागली की चांदी काळी पडते, म्हणजे हवा बंद केली की ती वाचेल. लोखंडाला हवेतल्या प्राणवायूमुळे गंज चढतो, तेच आपण चांदीलाही लावतो. पण साध्या प्राणवायूला चांदी सहसा दाद देत नाही. तिचं वैर आहे ते गंधकाशी. हवेत गंधकयुक्त वायू अगदी नगण्य प्रमाणात असले, म्हणजे अब्जात काही भाग एवढे, तरी ते चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावतात आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळा दिसतो. हवेत दमटपणा असला की ही क्रिया वेग घेते.

आता तुमच्या कपाटात गंधक कुठून आलं ते पाहू. पहिला संशयित दाराची रबरी पट्टी. रबर टिकाऊ व्हावं म्हणून ते बनवतानाच त्यात गंधक घालतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्यातून गंधकयुक्त वायू थोडेथोडे सुटत राहतात. दुसरी संशयित मखमल. ती लोकरीची असेल तर लोकरीच्या तंतूंतच गंधक असतं, आणि सुती किंवा रेशमी असली तरी काही रंगांत आणि कापडावरच्या प्रक्रियेत ते असू शकतं. प्लायवुड आणि त्यातला सरस चांदीच्या बाबतीत दुय्यम आरोपी आहेत, पण त्यांतून निघणारी आम्ल वाफ शिशाला आणि काही प्रमाणात पितळेला बाधते. उघड्या खोलीत हे सगळे वायू वाऱ्यावर विरून जातात. तुम्ही मात्र धुळीच्या भीतीने पट्टी लावून त्यांना चांदीसोबत कोंडून ठेवलंत. धूळ बाहेर राहिली आणि गंधक आत राहिलं.

नैवेद्याच्या वाटीचं उत्तर याच्यातच आहे. तिच्यावर थर बसत नाही असं नाही. रोज धुतल्या-पुसल्या जाणाऱ्या वाटीवरचा थर काळा होण्याइतका जाड होण्याआधीच निघून जातो. वापर हाच तिचा पहारेकरी आहे.

खातरजमा करायची असेल तर घरच्या घरी एक प्रयोग करता येईल. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले शास्त्रज्ञ अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये एक चाचणी सुचवली. संग्रहालयात नवं कापड, लाकूड किंवा रंग वापरण्याआधी जगभर आजही ती करतात. बंद काचपात्रात त्या वस्तूचा तुकडा, थोडं पाणी आणि धातूची स्वच्छ पट्टी ठेवून ते 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवायचं आणि पट्टीचं काय होतं ते पाहायचं. आपण इतकं काटेकोर व्हायला नको. घट्ट झाकणाच्या तीन बरण्या घ्या. एकीत मखमलीचा तुकडा, दुसरीत रबराची पट्टी, तिसरी रिकामी. प्रत्येकीत जुन्या पैंजणाची लखलखीत घासलेली एकेक कडी आणि चांदीला लागणार नाही असा ओल्या कापसाचा बोळा ठेवा. बरण्या महिनाभर गच्चीवर उबेत, पण सावलीत राहू द्या. एप्रिल-मे महिन्यात शिरूर-दौंडकडे उबेची कमतरता पडायची नाही. ज्या बरणीतली कडी रिकाम्या बरणीतल्या कडीपेक्षा जास्त काळवंडेल, ती वस्तू कपाटातून काढून टाका.

मखमलीच्या जागी अनेक धुण्यांतून गेलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड अंथरा. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा उत्तम. रबराची पट्टी काढा. थोडी धूळ आत जाईल, ती मऊ ब्रशने झटकता येते. ट्रंकेत परत ठेवायच्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड तर मुळीच लावू नका. त्याच्याखाली नेमकी काळी रेघ उठते.

तुमचा मुलूख पर्जन्यछायेचा. कोकणातल्या घरात जो दमटपणा धातूच्या पाठीशी लागलेला असतो, तो तुमच्याकडे वर्षातले बरेच महिने नसतो. म्हणजे निम्मी लढाई हवामानानेच जिंकून दिली आहे. धूळ मात्र भरपूर, आणि तिच्यात बारीक कठीण कण असतात. म्हणून धूळ बसलेली चांदी कोरड्या फडक्याने कधीही घासू नये, ओरखडे उठतात. आधी झटकायचं, मग पुसायचं.

आता बसलेला काळेपणा कसा काढायचा? रांगोळीने नको, ती दगडाचीच पूड. टूथपेस्टनेही नको, तिच्यातही घासून काढणारे कण असतातच. ॲल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा ही युक्ती खरी आहे. तिच्यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून तर तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण नक्षीच्या खाचांत कारागिराने मुद्दाम ठेवलेली काळी छटाही ती धुऊन टाकते आणि अत्तरदाणी कोरी, बिनचेहऱ्याची दिसू लागते. नक्षीच्या वस्तूंना रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं करणं एवढंच करावं. थोडा काळसरपणा राहिला तर राहू द्या. सत्तर वर्षांची वस्तू कालच घडवल्यासारखी दिसायला हवी, हा आग्रह मला तरी पटत नाही.

प्रश्न : आजीचं पितळी घंगाळ आणि परात लखलखीत व्हावी म्हणून चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी पितळेवर गुलाबी-लाल डाग! पितळेत भेसळ होती का? आणि भांड्यांवरची नावं पुसट होत चालली आहेत, ती पुन्हा कोरून घ्यावीत का? (दौंडहून एक वाचक)

उत्तर : भेसळ म्हणाल तर ती पितळेत जन्मापासूनच असते, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. चिंचेतलं आम्ल आधी वरचा मळकट थर विरघळवतं. तिथे थांबलात तर पितळ चमकतं. पण भांडं तासन्‌तास बुडालेलं राहिलं की आम्ल जस्ताला हात घालतं, कारण दोघांत जस्त जास्त लवकर विरघळतं. जस्त गेलं की पृष्ठभागावर तांबं उरतं. कोळात उतरलेल्या तांब्याचाही काही अंश पुन्हा भांड्यावर येऊन बसतो. तुम्हाला दिसलेला गुलाबी रंग हाच. भांडं खोटं नव्हतं, त्याचा मुक्काम लांबला. हलक्या हाताने घासल्यावर डाग बहुतेक निघतील. पुढच्या वेळी चिंच किंवा लिंबू लावा, दोन-चार मिनिटांत चोळून धुवा आणि लगेच कोरडं करा. ओलं भांडं तसंच ठेवलं की हिरवा कळंक धरायला सुरुवात होते.

नावांचा प्रश्न मात्र तुम्ही जाता जाता विचारलात, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. आपल्याकडे लग्नातला आहेर, डोहाळजेवण, वास्तुशांत अशा निमित्ताने दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालायची पद्धत आहे. भांड्याच्या दुकानातच ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून मिळतं. मामाने दिलेली कळशी, आत्याचा डबा, शाळेतल्या सहकाऱ्यांनी निवृत्तीला दिलेलं ताट. एखाद्या घरातली सगळी भांडी ओळीने मांडली आणि वाचत गेलं तर दोन-तीन पिढ्यांचा नातेसंबंध, कोण कुठल्या गावी राहायचं आणि कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, हे सगळं कळतं. वेगळी वंशावळ लिहायची गरज पडत नाही.

हे ठिपके मिलिमीटरचा अंश एवढेच खोल असतात. आम्लाने किंवा राखेने घासताना दरवेळी धातूचा अगदी बारीक थर जातो, आणि पहिला बळी जातो तो अक्षरांच्या काठांचा. स्टीलची तारेची घासणी तर दिवाळीच्या एका साफसफाईतही अक्षरं बोथट करते. म्हणजे आजीचं भांडं जितकं चकचकीत कराल, तितकी त्याच्यावरची आजी पुसट होत जाईल. म्हणून मजकुराच्या जागी कधीच घासू नका, बाकीचं भांडं हवं तर चमकवा.

पुसट नाव पुन्हा कोरून घेऊ नये. नव्या कोरण्यात जुना हात, जुनी अक्षरं आणि कधीकधी जुनी चूकही जाते, आणि चुकीलाही किंमत असते. त्याऐवजी तिरप्या उजेडात, म्हणजे खिडकीतून सकाळी आडवं ऊन येतं तेव्हा, त्या जागेचा फोटो काढा. समोरून न दिसणारी अक्षरंही सावलीमुळे उठून येतात. मग वहीत टिपून ठेवा : कुणी दिलं, कुणाला, कोणत्या प्रसंगी. घरातली सगळ्यात वयस्कर व्यक्ती सोबत बसवून हे करा. काही भांडी तिच्याशिवाय कुणी ओळखणार नाही.

दोघांनाही लागू पडेल असं मांडणीबद्दल एक सांगतो. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर (1896–1990) हे चष्म्याचे व्यापारी होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हा संग्रह उभा केला, आणि तो रत्नामाणकांचा नव्हता. अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, अशा तुमच्या-आमच्या घरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या. 1962 मध्ये हा संग्रह त्यांनी राज्य सरकारकडे सोपवला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. एवढ्या मोठ्या वास्तूला जे जमत नाही, ते तीन फुटी कपाटात जमवू नये. दहा वस्तू मांडा, बाकीच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि दर सणाला बदला. वस्तूंना विश्रांती मिळते आणि घरच्यांनाही त्या पुन्हा दिसू लागतात. रोज समोर असलेलं आपण पाहायचं सोडून देतो.

जुने फोटो भिंतीवर लावताना ते काचेला चिकटू देऊ नका. पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेलाच धरतो. मध्ये पुठ्ठ्याची चौकट टाका, उन्हाची भिंत टाळा, आणि लॅमिनेशन कधीही करू नका. ते पुन्हा काढता येत नाही. मोडी कागद हाती लागले तर चिकटपट्टीही नको. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो.

राहता राहिली सरकारची भीती. ‘शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू घरात ठेवल्या तर जप्त होतात’ असं बरेच जण सांगतात. तसं नाही. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू मानता येतं, हस्तलिखितासाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. पण ती घरात बाळगणं हा गुन्हा नाही. मूर्तिशिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते. परदेशी न्यायला मात्र खासगी माणसाला परवानगी नाही. अमेरिकेतल्या लेकीकडे आजीची शंभर वर्षांपूर्वीची देवाची मूर्ती पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

घरातून आलेली वस्तू आणि जमिनीतून निघालेली वस्तू यांत मात्र फरक आहे. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी पुरलेली सापडली. आत बिनडोक्याची कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती होती आणि सोबत बैल. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या कुटुंबाने आपला ऐवज असा ठेवला होता. तेव्हा गावच्या पांढरीत, विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामात काही हाती लागलं तर ते धुऊनपुसून कपाटात मांडू नका. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला तो सांगतो. दहा रुपये ही रक्कम 1878 सालची आहे, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. वस्तू जिथे सापडली तिथेच राहू द्या, जागेचा फोटो काढा आणि तहसील कचेरीत लेखी कळवून पोच घ्या.