ऐकण्याचे नाटक : जुन्या नभोनाट्यांचा पॉडकास्ट चालवताना

(द्वितीय वर्ष, कला)

संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे दोन भेद केले आणि नाटकाला दृश्य काव्यात स्थान दिले. वेष, नेपथ्य, हावभाव, प्रकाश हे सारे डोळ्यांसाठी असते, म्हणून हा भेद आपल्याला सहज पटतो. विसाव्या शतकात मात्र नभोवाणीने एक असा वाङ्मयप्रकार जन्माला घातला, की जो नाटक तर आहे, पण दिसत नाही. मराठीत त्याला आपण नभोनाट्य किंवा श्रुतिका म्हणतो. या प्रकाराचा थोडाफार अभ्यास करण्याची संधी गेल्या वर्षी मला मिळाली. निमित्त झाले ते पॉडकास्टचे.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने ‘द गार्डियन’मधील एका लेखात प्रथम वापरला. नभोवाणीवर कार्यक्रमाची वेळ केंद्र ठरवते आणि श्रोत्याला त्या वेळी हजर राहावे लागते. पॉडकास्टमध्ये कार्यक्रम साठवून ठेवलेला असतो व तो केव्हा ऐकायचा ते श्रोता ठरवतो. या सोयीमुळे १९३० ते १९६० या काळातील इंग्रजी नभोनाट्ये आज पुन्हा ऐकली जात आहेत. एखादा निवेदक आरंभी चार शब्द सांगतो आणि मग जुने नाटक सुरू होते. वाङ्मय मंडळातील आम्ही पाच जणांनी याच धर्तीवर मराठीतून एक मालिका सुरू केली. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटांचा एक भाग असतो. त्यात एका जुन्या नभोनाट्याची कथा आम्ही आमच्या शब्दांत सांगतो, त्याची जडणघडण समजावून देतो आणि त्यातील ध्वनी स्वतः तयार करून ऐकवतो. ध्वनिमुद्रणासाठी एक मोबाइल आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या दोन गोधड्या, एवढीच आमची सामग्री.

हे काम करताना माझ्या अल्प मतीला जे उमगले ते एका वाक्यात असे सांगता येईल : जुने नाटक ऐकवणे म्हणजे जुना आवाज वाजवणे नव्हे, तर श्रोत्याच्या मनात रंगमंच उभा राहील अशी तयारी करणे होय. तीन नाटकांच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न करते.

अंधार हेच नेपथ्य

खास नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून रिचर्ड ह्यूज यांच्या ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ या छोट्या नाटकाचा उल्लेख केला जातो. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने ते लंडनहून प्रक्षेपित केले. तेव्हा लेखकाचे वय होते अवघे २३ वर्षांचे. वेल्समधील कोळशाची खाण पाहायला आलेली काही माणसे खाली असतानाच दिवे जातात, आणि पुढे पाणी चढू लागते.

लेखकाची कल्पकता येथेच दिसते. श्रोत्याला काही दिसत नाही ही नभोवाणीची उणीव. तर मग पात्रांनाही काही दिसू नये अशीच जागा त्याने निवडली! पात्रे आणि श्रोते एकाच अंधारात बसले. माध्यमाची मर्यादा हाच कथेचा विषय झाला.

या भागासाठी आम्ही रिकाम्या घागरीच्या तोंडाशी बोलून पाहिले. आवाज असा घुमला की खाणीचे वेगळे वर्णन करण्याची गरजच उरली नाही. त्या काळचे ध्वनिपरिणामही असेच घरगुती असत. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा, सेलोफेनचा कागद चुरगाळून विस्तवाची तडतड, पत्र्याचा मोठा तुकडा हलवून मेघगर्जना. आणखी एक नियम आम्हांला येथे समजला. रंगमंचावर गप्प उभे असलेले पात्र प्रेक्षकाला दिसत राहते. नभोनाट्यात गप्प झालेले पात्र नाहीसे होते. म्हणून इतरांनी अधूनमधून त्याचे नाव घ्यावे लागते, नाहीतर त्याला निदान खोकावे तरी लागते.

सूत्रधाराचा प्रामाणिकपणा

दुसरे नाटक जगप्रसिद्ध आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी, रविवारी रात्री आठ वाजता, अमेरिकेतील सीबीएस या संस्थेच्या केंद्रांवरून ऑर्सन वेल्स यांच्या मंडळीने एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीचे नभोनाट्य सादर केले. संहिता हॉवर्ड कॉख यांची. ऑर्सन वेल्स हेही त्या वेळी २३ वर्षांचेच होते. मूळ कथा इंग्लंडमध्ये घडते. नभोनाट्यात मंगळावरची यानरूपी नळकांडी न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल या गावी उतरली. नाचगाण्याचा कार्यक्रम चालू आहे, तो मध्येच थांबवून बातम्या दिल्या जात आहेत, वार्ताहर घटनास्थळावरून बोलत आहे, आणि एकाएकी त्याचा आवाज बंद पडतो, अशी त्याची रचना होती. युरोपात युद्धाचे ढग जमत होते आणि असे कार्यक्रम थांबवून दिलेल्या बातम्या लोकांच्या कानांना सवयीच्या झाल्या होत्या. त्या सवयीचाच उपयोग लेखकाने करून घेतला.

या नाटकामुळे सारी अमेरिका घाबरून रस्त्यावर आली, ही गोष्ट आपण अनेकदा वाचतो. काही लोक खरोखर घाबरले यात शंका नाही; १९४० साली हॅडली कँट्रिल यांनी त्यावर पुस्तकच लिहिले. परंतु अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, वृत्तपत्रांनी हे प्रकरण फार फुगवले. त्या रात्री ५,००० घरांत दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीत जेमतेम २ टक्के लोकांनी हा कार्यक्रम ऐकत असल्याचे सांगितले. त्याच वेळी दुसऱ्या केंद्रांवर एडगर बर्गन यांचा लोकप्रिय कार्यक्रम होता. बर्गन हे बोलक्या बाहुल्यांचे कलावंत. ओठ न हलवता बोलण्याची कला नभोवाणीवर गाजावी, यापेक्षा कानाच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता? शिवाय त्या काळी वृत्तपत्रांच्या जाहिराती नभोवाणीकडे वळत होत्या, त्यामुळे नव्या माध्यमाला बेजबाबदार ठरवणे वृत्तपत्रांच्या सोयीचे होते.

आमच्या गटात यावर बराच वाद झाला. घबराटीची गोष्ट रंगतदार आहे, ती तशीच सांगितली तर श्रोते वाढतील, असे एकाचे म्हणणे होते. अखेर आम्ही ठरवले की दोन्ही बाजू सांगायच्या. निवेदक हा सूत्रधार असतो. नाटकातील पात्राने खोटी बातमी सांगितली तर ती कला होते; सूत्रधाराने सांगितली तर ती अफवा होते. मोबाइलवर रोज येणाऱ्या निनावी ध्वनिफितींच्या या दिवसांत हा भेद सांभाळणे मला फार महत्त्वाचे वाटते.

ऐकू येणे आणि ऐकणे

तिसरे नाटक ल्युसिल फ्लेचर यांचे ‘सॉरी, राँग नंबर’. सीबीएसच्या ‘सस्पेन्स’ या मालिकेत २५ मे १९४३ रोजी ते प्रथम सादर झाले. प्रमुख भूमिका अ‍ॅग्नेस मूरहेड यांची. अंथरुणाला खिळलेली एक बाई घरी एकटी आहे. पतीला दूरध्वनी लावताना तारा एकमेकींत अडकतात आणि दोन अनोळखी माणसे एका बाईच्या खुनाचा बेत करताना तिला ऐकू येतात. ती दूरध्वनी केंद्राला सांगते, पोलिसांना सांगते. कोणी मनावर घेत नाही. ती बाई म्हणजे आपणच, हे तिला उमगते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

येथे निवेदकाचे खरे काम सुरू होते. माझ्या वयाच्या मुलांनी तबकडी फिरवून लावायचा फोन पाहिलेला नाही. केंद्रातील बाई जोडणी करून देत असे, तारा अडकल्या की परक्यांचे बोलणे ऐकू येई, हे आधी दोन वाक्यांत सांगितले नाही तर सगळे नाटक निरर्थक होते. परंतु शेवट काय आहे ते मात्र आधी सांगायचे नाही. किती सांगावे आणि कोठे थांबावे, ही निवेदकाची परीक्षा असते.

हा भाग मी सुट्टीत घरी आजीला ऐकवला. आजी कधी शाळेत गेलेली नाही. सगळे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “बाई वरडून सांगतीया. समद्यांना ऐकू येतंय, पर ऐकत कुनीच न्हाई.” फ्लेचरबाईंच्या नाटकाचे मर्म मी चार पानांच्या टिपणात मांडले होते, आजीने ते एका दमात सांगितले. नाटकाचे पुस्तक वाचता यावे यासाठी आमच्या घरात तिसरी पिढी यावी लागली. पण नाटक ऐकून त्यावर मत देण्यासाठी आजीला कोणत्याच परीक्षेला बसावे लागले नाही. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या कीर्तन, भारूड आणि जात्यावरच्या ओव्या ऐकून आपली समज घडवली, त्याला ऐकण्याची कला नव्याने शिकवावी लागत नाही. आपण मात्र वाङ्मय म्हणजे छापील वाङ्मय असे धरून चालतो आणि निम्मे रसिक दाराबाहेर उभे करतो.

जुने आवाज कसे टिकले?

त्या काळी अमेरिकेतील मोठ्या प्रसारण संस्थांचा आग्रह असे की नाटक प्रत्यक्ष सादर व्हावे, मुद्रित करून नव्हे. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या वेळेत तीन तासांचे अंतर असल्याने अनेक कार्यक्रम एकाच रात्री दोनदा करावे लागत. तरीही नोंदीसाठी म्हणून काही प्रयोग १६ इंची तबकड्यांवर मुद्रित होत. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा थर दिलेली ही तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि एका बाजूस सुमारे पंधरा मिनिटांचा मजकूर मावे. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियमची टंचाई झाली तेव्हा काचेच्या तबकड्या वापरल्या गेल्या. त्या सहज फुटत. ‘सस्पेन्स’ मालिका ३० सप्टेंबर १९६२ रोजी संपली आणि तो काळ मागे पडला. पुढे हौशी संग्राहकांनी तबकड्यांवरून फितींवर प्रती काढल्या, एकमेकांना दिल्या, म्हणून आज त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या.

हक्कांचा प्रश्न

जुने ते सर्वांचे, असा समज सर्वत्र आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. संहितेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा आणि संगीताचा वेगळा. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांसाठी २०१८ साली स्वतंत्र तरतुदी झाल्या. म्हणूनच आम्ही मूळ ध्वनिमुद्रण वाजवत नाही. कथासार सांगतो आणि रसग्रहण करतो. एच. जी. वेल्स १९४६ साली वारले, त्यामुळे आपल्याकडील साठ वर्षांच्या नियमाने त्यांची कादंबरी २००७ पासून खुली आहे. तिच्यावरून आम्ही स्वतःची मराठी श्रुतिका लिहिली. कॉख १९९५ साली निवर्तले; त्यांच्या संहितेला आम्ही हात लावला नाही.

आपल्या घरचे श्रोते

आपल्याकडेही हा वारसा आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली. विविध भारतीच्या ‘हवामहल’मधील हिंदी नाटिका आणि मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी अनेक घरांत कुटुंबातल्या माणसांसारखे वावरले. ज्यांनी हे ऐकले ती माणसे आज आपल्या घरात आहेत, आणि त्यांच्या आठवणी कोणत्याही तबकडीवर मुद्रित झालेल्या नाहीत.

म्हणून पुढील वर्षासाठी माझी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या घरातील वा गल्लीतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारावे : रेडिओवरचे कोणते नाटक आठवते? ते कोणाबरोबर ऐकले? त्यातला कोणता आवाज अजून कानात आहे? परवानगी घेऊन ते मुद्रित करावे, तारीख व गाव नोंदवावे, मध्ये बोलू नये. आणि मराठीच्या अभ्यासक्रमात नाटक शिकवताना एक तास तरी वर्गातील दिवे मालवून ते नुसते ऐकवावे, अशी गुरुजनांना नम्र सूचना आहे. त्या तासाला कोणी आपल्या आईला किंवा आजीला वर्गात घेऊन आले, तर तिला मागच्या बाकावर बसवू नये.