बैठे काम आणि शरीरस्वास्थ्य

नागपूर हे कचेऱ्यांचे शहर. १८६१ साली ते मध्यप्रांताची राजधानी झाले, तेव्हापासून येथील कित्येक कुटुंबांची उपजीविका लेखणीवर चालत आली. आज लेखणीची जागा संगणकाने घेतली. बैठक मात्र तीच राहिली.

इटालियन वैद्य रामाझिनी याने आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे दिली आहेत: अखंड बैठक, हाताची एकच एक हालचाल व मनावरील ताण. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे लोटतात. तासन्‌तास बसल्याने हे कार्य मंदावते, पाय जड होतात, पाठ आखडते. यास्तव दर अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे व दृष्टी दूरच्या वृक्षावर ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यातून निदान १५० मिनिटे व मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक श्रम सांगितले आहेत. त्यासाठी अंबाझरीचा वा फुटाळ्याचा काठ पुरे. उन्हाळ्यात मात्र पहाटेच जावे.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा जवळ येताच आपण प्रथम खेळ सोडतो. वडीलही कचेरीतून थकून येतात व घरी पुन्हा बसतात. आज सायंकाळी त्यांस फिरावयास घेऊन चला. त्यात दोघांचेही हित आहे.